बोटीच्या ट्रेलरची चाके : निगा आणि दक्षता

कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांना २००५, २०१९ आणि २०२१ साली आलेल्या महापुरांत काठच्या अनेक गावांना बोटीवाचून बाहेर पडण्याचा मार्ग उरला नव्हता. अशा बोटी बहुधा ट्रेलरवर लादून रस्त्यानेच पाण्यापर्यंत न्याव्या लागतात. पावसाळ्यापूर्वी बोटीचे इंजिन चालवून पाहिले जाते, जीवरक्षक जाकिटे मोजली जातात. ट्रेलरच्या चाकांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वाटेत बेअरिंग जाम झाले, तर उत्तम स्थितीतील बोटही रस्त्यावरच अडकून पडते.

बैलगाडीच्या चाकास जसा तुंबा, तसा ट्रेलरच्या चाकास हब. त्यात आतील व बाहेरील बाजूस निमुळत्या रोलरचे एकेक बेअरिंग असते आणि मागील बाजूस ऑइल सील. लांबून आलेल्या ट्रेलरचे हब तापलेले असतात व त्यांतील हवा प्रसरण पावलेली असते. त्याच स्थितीत ट्रेलर पाण्यात उतरविला की ही हवा एकाएकी आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधाळ होते.

खरे नुकसान मात्र त्या दिवशी होत नाही. पूर ओसरतो, ट्रेलर शेडमध्ये जातो आणि आठ-नऊ महिने एकाच जागी उभा राहतो. तेवढ्या अवधीत रोलरवर गंज चढून खड्डे पडतात. म्हणून केवळ मे महिन्यात तपासणी करणे अपुरे आहे. बोट शेवटची पाण्याबाहेर काढल्यावर आठवड्याभरात हब उघडणे अधिक श्रेयस्कर होय.

हे काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्यावे, परंतु ते कसे होते हे देखरेख करणाऱ्यासही ठाऊक असावे. चाक जॅकवर उचलून हाताने फिरविता खरखर झाली किंवा ते डगडगले, तर दोष आहे असे समजावे. बेअरिंग रॉकेलने धुऊन कोरडे करावे. गंज, खड्डे वा जळल्याचे निळसर डाग आढळल्यास ते बदलावे, आणि त्यासोबत हबमध्ये ठोकून बसविलेली कडीही बदलावी; जुन्या कडीत नवे बेअरिंग घालणे ही काटकसर नव्हे. जुने ग्रीस पूर्ण पुसून टाकावे, कारण भिन्न जातींची ग्रीसे मिसळल्यास पातळ होऊन वाहू शकतात. पाण्यास दाद न देणारे मरीन ग्रीस रोलरच्या फटींत दाबून भरावे, नुसते वरून माखू नये. सील नवेच घालावे. नट चाक फिरवीत आवळावा, मग सैल करून बोटांनी लागेल इतकाच पुन्हा लावावा व नवी स्प्लिट पिन घालावी. फार आवळलेले बेअरिंग तापून जळते.

प्रवासात थांबल्यावर हबला हात लावून पाहावा. तो कोमट असल्यास चिंता नाही. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नये. पाण्यात उतरविण्यापूर्वी हब निवू द्यावेत. प्रत्यक्ष बचावकार्यात तेवढी उसंत मिळत नाही हे उघड आहे. तशा वेळी ट्रेलर गरम स्थितीत पाण्यात गेल्याची नोंद त्याच दिवशी करावी, म्हणजे हब उघडण्याचे राहून जात नाही. बेअरिंगवर कोरलेला क्रमांकही नोंदवहीत लिहावा आणि त्याच क्रमांकाचा एक संच, सील, ग्रीस, जॅक व पाने ट्रेलरसोबतच पाठवावीत. पुराच्या दिवसांत दुकान उघडे सापडेलच असे नाही.