फोन खडसेंचा, अर्जावर नाव ‘खडसने’

नशिराबादपासून मुक्ताईनगरपर्यंत महामार्गावरच्या कुठल्याही टपरीवर फोन टॅपिंगचा विषय काढा, दोन ठाम मतं मिळतील. पोलिसांनी मनात आणलं की कुणाचाही फोन ऐकतात, हे एक. कोर्टाच्या हुकमाशिवाय तसं करताच येत नाही, हे दुसरं. दोन्ही चूक.

२०१९ मध्ये लागू असलेल्या १८८५ च्या तार कायद्यानुसार परवानगी द्यायची ती राज्याच्या गृहसचिवांनी. मुदत ६० दिवस, वाढवत नेली तरी जास्तीत जास्त १८०. आदेश तपासायला मुख्य सचिवांची समिती. या साखळीत न्यायाधीश कुठेच नाही. म्हणजे सगळी भिस्त अर्जात लिहिलेल्या मजकुरावर.

आणि मजकूरच खोटा असेल तर? मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे यांचा फोन २०१९ मध्ये ६७ दिवस ऐकला गेला, असं मुंबई पोलिसांच्या तपासात पुढे आलं. मंजुरीच्या कागदावर नाव होतं ‘खडसने’. संजय राऊतांचं झालं होतं ‘एस. रहाटे’. कारण दिलं होतं, समाजविघातक व्यक्ती! तेव्हाच्या गुप्तवार्ता आयुक्त रश्मी शुक्ला यांच्यावर मार्च २०२२ मध्ये कुलाबा पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. त्यांनी आरोप नाकारले. पुढे सरकारनं खटल्याला मंजुरी दिली नाही आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला. आरोप खरे की खोटे, हे खटल्यात तपासलंच गेलं नाही.

‘गुन्ह्याचा संशय असला की टॅपिंग चालतं’ हा समज तर खुद्द साहेबलोकांचाही दिसतो. लाचेच्या एका प्रकरणात सीबीआयसाठी केंद्रीय गृहखात्यानं असे तीन आदेश काढले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते रद्द ठरवले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं: सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तर टॅपिंगला आधारच नाही.

आता ‘खडसने’ हे नाव टाइप होताना पाहणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याला तोंड उघडायचं आहे, असं धरू. ‘त्याला कायद्याचं संरक्षण असतं,’ असं हमखास सांगितलं जातं. जळगावकरांना घरकुल घोटाळा आठवेल. महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी २००६ मध्ये तक्रार दिली, धुळ्याच्या न्यायालयानं ४८ जणांना दोषी ठरवलं ते ३१ ऑगस्ट २०१९ ला. तक्रारदार आयएएस अधिकारी असताना तेरा वर्षं! साध्या कारकुनासाठी जागल्या संरक्षण कायदा आहे खरा. संसदेनं तो २०१४ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली. तो अमलात आणणारी अधिसूचना मात्र केंद्रानं काढलेली नाही.