माती आणि माणूस (लेखांक ६) : खंडी, गुंठा, चौरस फूट

माणूस आपली जमीन कोणत्या मापाने मोजतो, त्यावरून ती त्याला कशी दिसते हे कळते. आचोळे आज नालासोपारा पूर्वेच्या दाट वस्तीत मिसळून गेले आहे. भातशेतीच्या काळात मात्र या पट्ट्यात शेताची किंमत त्यातून किती खंडी भात निघते यावर ठरे. पाणी धरून ठेवणारा खोलगट तुकडा तेव्हा उत्तम मानला जाई. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, तेव्हा हाच सखलपणा संकट ठरला.

भातकऱ्याची नजर शेताच्या बांधापाशी थांबत नसे. रोप टाकण्याआधी तो राब भाजी: शेणाचा थर, त्यावर तोडलेल्या फांद्यांचा टहाळ, वर पालापाचोळा आणि मातीची पातळ चादर. हा टहाळ वरकस जमिनीतून येई. त्यामुळे पीक न देणारी ती टेकाडावरची जमीनही त्याच्या लेखी भाताचाच भाग होती. पोत्यातले खत आले, राब कमी झाला आणि वरकस ‘पडीक’ म्हणून ओळखली जाऊ लागली. माती तीच होती, तिचे काम तेवढे गेले. जमिनीबद्दलची मते अशीच, आवाज न करता बदलतात.

या बदलात हक्काचाही वाटा मोठा आहे. पुढच्या वर्षी शेत आपल्याकडे राहील याची खात्री नसलेले कूळ आंब्याचे कलम कशाला लावील? कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारा मालक मानला गेला. पुढे वारसांची नावे वाढत गेली आणि सातबारावरच्या दहा हिश्शांची वाटणी करण्यापेक्षा विक्री सोपी वाटू लागली.

रुळांच्या पश्चिमेला चित्र वेगळे राहिले. तिथल्या वाडीत केळी, पानवेल, फुले आणि भाजी यांमुळे बारमाही हाती पैसा खेळे. बावखलांत, म्हणजे वाडीतल्या छोट्या तळ्यांत, साठलेले पावसाचे पाणी विहिरी गोड ठेवी. उपसा वाढला तर समुद्राचे खारे पाणी आत शिरेल, ही भीती वाडीवाल्याला रोज रहाटापाशी जाणवे. १९९० मध्ये वसई-विरार भागाचे नियोजन सिडकोकडे गेले आणि शहरीकरणाला विरोध करणाऱ्या हरित वसईच्या चळवळीला बळ आले. तिचा मुख्य आधार याच पट्ट्यात होता. पूर्वेच्या एकपिकी शेतकऱ्याला गुंठ्याचा भाव टाळता आला नाही. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

गुंठ्याचे पुढे चौरस फूट झाले. नियोजनकाराला मात्र तीच जमीन आरक्षणाच्या रंगात दिसते. आचोळ्यात सांडपाणी प्रक्रिया व कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. आरक्षण नकाशावर होते. घर घेणाऱ्याला समोर भिंत आणि परवडणारा दर दिसला. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या इमारती पाडायला सुरुवात झाली.