पुण्याच्या बँकेवर प्योंगयांगचा डल्ला

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये लंपास झाले, आणि तेही तिजोरीला हात न लावता. एटीएममध्ये कार्ड घातलं की ‘पैसे देऊ का?’ ही विचारणा एका स्विचमार्फत बँकेकडे जाते. चोरांनी मध्येच बनावट स्विच घुसवला. विचारणा बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोचायचीच नाही, बनावट स्विच परस्पर ‘द्या’ म्हणून मोकळा! परदेशातल्या कितीतरी एटीएममधून, अगदी आपल्या कोल्हापुरातूनही, क्लोन कार्डांवर धडाधड नोटा निघाल्या.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ही चोरी उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडली. 2006 च्या पहिल्या अणुचाचणीपासून त्या देशावर निर्बंध वाढत गेले. 2017 मध्ये तर कोळसा, लोखंड, मासळी, कापड यांच्या निर्यातीवर बंदी आली. बाकीचं जग मात्र एकमेकांच्या बँकांना, सर्व्हरना जोडलेलंच होतं. व्यापाराला बंदी, पण चोरीला वाट मोकळी. फेब्रुवारी 2025 मध्ये बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजमधून गेलेले जवळपास 150 कोटी डॉलरही एफबीआयच्या मते उत्तर कोरियाकडेच गेले.

त्या देशाच्या क्षेपणास्त्रांच्या बातम्यांपेक्षा मला या चोऱ्यांची बातमी जास्त गंभीर वाटते, कारण यातला पैसा त्याच क्षेपणास्त्रांसाठी वापरला जातो, असं ती समितीच सांगत होती. त्या समितीची मुदतवाढ मार्च 2024 मध्ये रशियाने नकाराधिकार वापरून रोखली.