सेनाच्या हातावरची रेषा

बालमित्रांनो, श्रीलंका म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? रामायणातली लंका, चहाचे मळे, नाहीतर क्रिकेटचा सामना! आज आपण तिथला एक सिनेमा पाहायला जाऊ या. त्याचं नाव ‘रेखाव’. अर्थ ओळखलात ना? रेखा म्हणजे रेषा, हातावरची भाग्यरेषा. हा सिनेमा सिंहली भाषेत आहे. ही भाषा आपल्या मराठीची दूरची बहीणच बरं का! सिंहली मुलं अंक कसे मोजतात पाहा : एक, देक, तुन, हतर, पह. आहे की नाही ओळखीचं?

पहिला सिंहली बोलपट १९४७ साली आला, पण तो तयार झाला आपल्याकडे मदुराईच्या स्टुडिओत. पुढेही बरेच सिंहली चित्रपट दक्षिण भारतातल्या स्टुडिओंत बनत. तीच प्रेमकथा, तीच गाणी, तोच विनोद. फक्त भाषा सिंहली. १९५५ च्या ‘सॅड सुळंग’ या सिंहली चित्रपटासाठी तर आपल्या लतादीदींनीही गाणं म्हटलं होतं.

लेस्टर जेम्स पेरीस नावाच्या तरुणाला वाटलं, आपल्या सिनेमात आपलं खरं गाव का दिसू नये? ते सरकारी फिल्म विभागात माहितीपट करत. ती नोकरी त्यांनी सोडली. कॅमेरा सांभाळणारे विली ब्लेक आणि संकलन करणारे टायटस थोटवत्ते हेही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. तिघांनी स्टुडिओला रामराम ठोकला आणि कॅमेरा थेट खेड्यातल्या उन्हात नेला. १९५६ साली ‘रेखाव’ पडद्यावर आला.

गोष्ट आहे सेना नावाच्या खोडकर मुलाची. उंच काठ्यांवर चालून खेळ करणारा एक माणूस गावात येतो. तो सेनाचा हात पाहून सांगतो, “हा मुलगा मोठा वैद्य होणार!” पुढे सेनाची मैत्रीण अनुला हिची दृष्टी अचानक जाते. सेना तिच्या डोळ्यांना हात लावतो आणि तिला पुन्हा दिसू लागतं!

झालं! गावभर बातमी पसरते. सेनाच्या हातात जादू आहे म्हणून लोकांची रीघ लागते. सेनाचा बाप मोठा लोभी. त्याला यात पैसा दिसतो. पण सेनाच्या हाती सोपवलेला एक मुलगा दगावतो, त्यात पाऊसही दडी मारतो. मग तेच गावकरी म्हणू लागतात, “हा मुलगाच अपशकुनी!” पुढं काय होतं, ते मात्र मी सांगणार नाही. सिनेमा मिळाला तर आईबाबांबरोबर बसून जरूर बघा.

मुलांनो, सेना काल देव होता आणि आज अपशकुनी झाला. पण तो स्वतः बदलला होता का? मुळीच नाही. तो तोच होता, पतंग उडवणारा. बदलली ती मोठ्या माणसांची नजर. पालकहो, हे वाक्य तुमच्यासाठी! मार्क मिळाले की “आमचा हिरा”, कमी पडले की “याचं नशीबच फुटकं”, असं आपल्याही घरात होतंच की. मुलाच्या हातावर भाग्यही लिहिलेलं नसतं आणि दुर्भाग्यही. हात असतात ते लिहायला, खेळायला आणि मित्राचा हात धरायला.

गंमत म्हणजे सुरुवातीला या सिनेमाला फारसे प्रेक्षकच मिळाले नाहीत! गाजलेले नट नव्हते, झगमगाट नव्हता. पण १९५७ साली तो फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला. पेरीस खचले नाहीत. त्यांच्या ‘गम्पेरळिय’ला १९६५ साली दिल्लीतल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला. हाच महोत्सव २००४ पासून आपल्या गोव्यात भरतो. पेरीस २०१८ साली वारले, तेव्हा ते ९९ वर्षांचे होते.

आणि ते टायटस? त्यांनी पुढे टीव्हीवरच्या बग्ज बनी सशाला चक्क सिंहली बोलायला लावलं! कार्यक्रमाचं नाव ‘हा हा हरि हावा’. हावा म्हणजे ससा.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या गल्लीतली किंवा गावातली एक खरी गोष्ट निवडा आणि तिचा सिनेमा कसा कराल ते दहा ओळींत लिहा. नायक मात्र तुमच्याच वयाचा हवा हं!