बेणारेबाई कुणाशी बोलतात?

साडेसहाला लॉग-आउट, साडेसातला तालीम. गेले दोन महिने माझं हेच रूटीन आहे. आमच्या हौशी ग्रुपने विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ करायला घेतलंय आणि लीला बेणारे माझ्या वाट्याला आलीये. टेन्शन केवढं, विचारू नका! १९६७ साली रंगमंचावर आलेल्या या नाटकात सुलभा देशपांडेंनी ही भूमिका अशी केली की १९७१च्या सिनेमातही त्याच होत्या. त्यामुळे दिग्दर्शकाचा पहिला हुकूम : प्रयोग होईपर्यंत सिनेमा बघायचा नाही. एकदा ते सूर कानात बसले की नक्कलच होणार.

मग स्वतःचं काही आणायचं कुठून?

गोष्ट तशी साधी. नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला चालवतात आणि बघता बघता आरोपी बेणारेच्या खासगी आयुष्यात घुसतात. शेवटी कोर्ट तिला बोलायला दहा सेकंद देतं. बाकीचे जागच्या जागी थिजतात आणि ती कितीतरी वेळ बोलते. पण ऐकू कुणालाच जात नाही. मग ती सांगतेय कुणाला?

दर तालमीला आम्ही उत्तर बदललं. न्यायाधीश काशीकरांना सांगितलं, तर आवाज चढला, भाषण झालं. रंगमंचावर कधीच न येणाऱ्या प्रोफेसर दामल्यांना सांगितलं, तर गळा दाटला. (रडणं सोपं असतं हो, प्रेक्षकही खूश!) मग वर्गातल्या पोरांना सांगून बघितलं आणि वाक्यं एकदम साधी झाली. शाळेतली बाई मुलांसमोर रडत नाही. नोकरी जाणार हे कळूनही ती हजेरी घेतल्यासारखी बोलू लागली. माझी बेणारे मला तिथे सापडली. सुरुवातीला तिचं बोट दाराच्या कडीत चेमटतं, आता शेवटी तेच बोट मी मुठीत घट्ट धरते. श्वास कुठे घ्यायचा, त्याच्या पेन्सिलच्या खुणा मात्र रोज खोडते.

तिच्यावर तुटून पडणारी ती माणसं राक्षस नाहीत, टाइमपास करताहेत. आमच्या लंच-टेबलवर सध्या एका कलीगचा घटस्फोट असाच चघळला जातोय, चटणी-पोळीबरोबर. सुखात्मे वकील करणाऱ्या मित्राला तो हसण्याचा सूर मीच ऐकवला.

शनिवारी प्रयोग आहे. लंच-टेबलवरच्या सगळ्यांना पास दिलेत, पुढच्या रांगेचे.