कोणतं वाद्य शिकावं? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाद्य शिकायला शिरोळ तालुक्याइतकी अनुकूल जागा महाराष्ट्रात थोडीच असेल. गावोगावच्या भजनी मंडळांत पखवाज, पेटी आणि टाळ आहेत. कृष्णा ओलांडली की सतारी-तंबोऱ्यांचं मिरज आहे. सामान्य घरातल्या मुलांनाही वर्गात बसून गाणं-वाजवणं शिकता यावं म्हणून 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर याच तालुक्यातल्या कुरुंदवाडचे. तरीही घरात वाद्याचा निर्णय होतो तो दोन-तीन ठरलेल्या वाक्यांवर: पेटी सोपी, तीच लावू; मुलगी आहे, तबला कशाला; आता आपलं वय गेलं. या वाक्यांमागची समजूत तपासली, तर ‘सोपं वाद्य कोणतं’ या प्रश्नानेच आपली दिशाभूल होते हे लक्षात येतं. अवघड जागा प्रत्येक वाद्यात असते. कुठे ती पहिल्या दिवशी भेटते, कुठे तिसऱ्या वर्षी.

गैरसमज: पेटी सर्वांत सोपी, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करावी

भाता हलवून पट्टी दाबली की पेटीतून सूर येतो, हे खरं आहे. आतली धातूची पाती ठरलेल्या उंचीच्या स्वरातच कंप पावते, त्यामुळे तो शोधावा लागत नाही. पण पेटीची मर्यादाही इथेच आहे. सप्तकातले बारा स्वर जागच्या जागी पक्के बसवलेले असल्याने दोन स्वरांमधून घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही आणि रागानुसार स्वर किंचित चढा-उतरा करता येत नाही. याच आक्षेपावरून 1940 मध्ये आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली, ती 1971 मध्ये अंशतः उठली. म्हणून पेटी कमी दर्जाची ठरत नाही. कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात जन्मलेल्या गोविंदराव टेंब्यांनी याच वाद्यावर नाव कमावलं. मात्र अशा अडून बसणाऱ्या वाद्यातून गाणं उभं करायचं, तर कान फार तयार लागतो. पेटी शिकणाऱ्याने प्रत्येक सरगम गाऊन मग वाजवली नाही, तर त्याला पट्ट्या पाठ होतात आणि स्वर अनोळखीच राहतो.

बासरीचं नेमकं उलट आहे. फुंकेची धार छिद्राच्या कडेवर बरोबर बसेपर्यंत तिच्यातून नुसती हवा येते, आणि त्यात काही दिवसही जातात. पण एकदा सूर लागला की मींड बोटांच्या सरकण्यातून सहज येते. सतारीवर पडदे असल्यामुळे स्वराची जागा सापडते; तार मात्र बोटाला कापते, आणि ती एकाच पडद्यावर ओढून पुढचे स्वर अचूक काढायला वर्षं लागतात. तबल्याचे बोल पहिल्याच दिवशी तोंडाने म्हणता येतात; तोच ठेका लय न ढळता पाऊण तास धरणं ही खरी परीक्षा असते. यावर कोणी म्हणेल, की लहान मुलाला लगेच आवाज आला नाही तर ते कंटाळणार. हा आक्षेप रास्त आहे, आणि तसं मूल असेल तर पेटी जरूर द्यावी. फक्त तेव्हा आपण मुलाचा स्वभाव पाहून निवड केली, हे ध्यानात ठेवावं. आवाज निघेपर्यंत चिकाटीने फुंकत राहणारं मूल पेटीवरच कंटाळू शकतं.

गैरसमज: लहानपणी सुरू केलं नाही तर वेळ निघून गेली

या समजुतीला थोडा आधार आहे. 1995 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांची नोंद घेणारा भाग अधिक विस्तारलेला दिसला, आणि लहान वयात सुरुवात केलेल्यांत हा फरक जास्त होता. कोणताही स्वर नुसता ऐकून तो नेमका कोणता, हे सांगण्याची क्षमताही बहुधा सहा-सात वर्षांच्या आत शिकू लागलेल्यांमध्येच आढळते. पण आपल्या संगीताला या क्षमतेची गरज किती? आपला षड्ज फिरता आहे. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी पांढरी चारमध्ये; कानाला ओळखावं लागतं ते षड्जापासूनचं अंतर, आणि ते मोठेपणीही शिकता येतं. प्रौढ माणसाची बोटं मुलाइतकी चटकन वळत नाहीत. उलट सोळा मात्रांचा हिशेब त्याला लवकर कळतो, आणि त्याला रियाझाला कोणी ढकलावं लागत नाही. चाळिशीत सुरुवात करून मैफलीचा कलावंत होणं कठीण आहे, हे मान्य करावं. पण भजनाला भक्कम साथ करणं हे ध्येय नियमित रियाझ करणाऱ्याच्या आवाक्यातलं आहे, आणि बहुतेकांना हवं असतं तेच.

गैरसमज: तबला मुलांचा, पेटी मुलींची

तबल्याला मनगटातलं बळ लागतं, असं कारण दिलं जातं. प्रत्यक्षात बोल खुलतो तो बोट नेमक्या जागी पडून तितक्याच चपळाईने उचललं गेल्यामुळे; जोराने मारलेली थाप नाद दाबते. लहान हाताची अडचणही फारशी राहत नाही, कारण उजवा तबला वेगवेगळ्या तोंडांचा मिळतो. लहान तोंडाचा चढ्या स्वरात लागतो, मोठ्या तोंडाचा खाली. मुंबईच्या आबान मिस्त्री यांनी स्वतंत्र तबलावादन करून नाव मिळवलं, त्यालाही आता कितीतरी वर्षं लोटली. ज्या घरात मुलीची बोटं ताटावर ठेका धरतात, तिथे तिच्यापुढे पेटी सरकवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

गैरसमज: भजनातलं वाजवणं म्हणजे शिक्षण नव्हे

परीक्षेचं प्रमाणपत्र मिळालं तरच शिक्षण झालं, असं आपण धरून चालतो. परीक्षांमुळे अभ्यासाला शिस्त येते, हे निर्विवाद. पण भजनात पखवाज वाजवणारा जे शिकतो ते वर्गात सहजी मिळत नाही: गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर चालणं, लय वाढली की सर्वांना घेऊन वाढवणं आणि चुकलं तरी न थांबणं. डाव्या तोंडाला कणीक किती लावली की आवाज कसा भरतो, हेही तिथे हाताला समजतं. तिथे बोलांचं शास्त्र अपुरं राहतं, असा आक्षेप घेता येईल. तो खरा आहे, आणि म्हणूनच दोन्ही हवं. वर्गात बोल स्वच्छ करावेत आणि ते रुजवायला मंडळात बसावं.

गैरसमज: आधी स्वस्तातलं घेऊ, जमलं तर चांगलं

जत्रेतली बासरी स्वस्त असते, पण तिची छिद्रं अनेकदा स्वरात नसतात. शिकणारा चुकीचा स्वर बरोबर समजून घोटतो आणि पुढे तो कानातून काढणं जड जातं. वाद्य महाग नसलं तरी चालेल, बेसूर असलेलं चालणार नाही. म्हणून खरेदीला शिक्षकांना सोबत न्यावं. किमतीइतकाच विचार दुरुस्तीचा व्हावा. सतारीची घोडी तारांनी झिजते, मग कारागिराकडून जवारी काढून घ्यावी लागते. तबल्याची शाई उडते, पुडी बदलावी लागते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शिरोळकराच्या दृष्टीने त्याहून मोलाचं हे, की ते कारागीर हाकेच्या अंतरावर आहेत. कातडं, लाकूड आणि भोपळा यांना ओल सोसत नाही. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या या तालुक्यात वाद्य उंचावर कुठे ठेवणार आणि वेळ आली तर कसं हलवणार, याचाही विचार आधीच व्हायला हवा.

मग निवड करायची कशी? मिरज जवळ म्हणून सर्वांनी सतार घ्यावी, असं मुळीच नाही. काही दिवस वेगवेगळी वाद्यं समोर बसून ऐकावीत आणि कोणत्या आवाजाकडे मन पुन्हापुन्हा जातं ते पाहावं. मग ते शिकवणारं माणूस आठवड्यातून दोनदा तरी भेटेल का, आणि वाद्य बिघडलं तर जवळपास नीट होईल का, हे विचारावं. या तीन प्रश्नांची उत्तरं जिथे जुळतात, ते आपलं वाद्य. अवघड जागा त्यातही येईलच. पण तो आवाज आवडीचा असेल, तर माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागेवर रियाझाला बसतो.