मानमोडी, ‘व्हायरल’ आणि इन्फ्लुएन्झाची गणना

कोणत्याही रोगाची गणना करावयाची, तर प्रथम त्याला नाव असावे लागते. आणि ते नाव तेवढ्याच रोगाला लागू पडणारे असावे लागते. पटकी, देवी, प्लेग यांची लक्षणे इतकी ठळक होती की, वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या ग्रामाधिकाऱ्यालाही त्यांची ओळख पटत असे. इन्फ्लुएन्झाची स्थिती निराळी आहे. ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी ही त्याची लक्षणे दुसऱ्या अनेक रोगांतही आढळतात. त्यामुळे या रोगावर पाळत ठेवण्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्याचे नाव निश्चित करण्याचाही इतिहास आहे. मराठवाड्याच्या दृष्टीने त्याचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

१

‘इन्फ्लुएन्झा’ हा मूळचा इटालियन शब्द. ग्रहताऱ्यांच्या ‘प्रभावा’ने साथी उद्भवतात, या जुन्या समजुतीतून तो रोगवाचक झाला. मराठीने १९१८ मध्ये त्याच रोगाला दिलेले नाव मात्र आकाशाकडे न पाहता रोग्याच्या देहाकडे पाहते. ते नाव म्हणजे ‘मानमोडी’. ज्या अवयवाला पीडा होते तो आणि ‘मोडणे’ हे क्रियापद यांच्या संयोगाने हा शब्द सिद्ध झाला आहे. ‘हाडमोड्या ताप’ हा शब्दही याच घडणीचा. असे नाव अनुभव अचूक टिपते. परंतु मानमोडी आणि इतर ताप यांमधील सीमारेषा ते आखून देत नाही.

ती सीमारेषा सरकारी नोंदवहीतही नव्हती. १० जून १९१८ रोजी मुंबईतील सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले आणि साथीची पहिली लाट दिसू लागली. दुसरी लाट सप्टेंबरात आली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. ब्रिटिश मुलखातील मृत्युनोंदीत पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार, श्वसनविकार असे मोजकेच रकाने असत. इन्फ्लुएन्झाला रकाना नसल्याने त्याचे बहुतेक बळी ‘ताप’ या रकान्यात गेले. पुढे सामान्य वर्षांतील तापमृत्यूंची सरासरी १९१८ च्या आकड्यातून वजा करून अधिकचे मृत्यू इन्फ्लुएन्झाचे मानण्यात आले. अखिल भारतासाठी प्रारंभीचा शासकीय अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. उत्तरकालीन अभ्यासकांचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात. या दोन टोकांमधील तफावत लक्षावधी माणसांची आहे, हे येथे विसरता येत नाही.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाची लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे १ कोटी ३४ लाख होती. ती १९२१ मध्ये सुमारे १ कोटी २५ लाख भरली. या घटीमागे १९१८ चे अवर्षण, महागाई आणि प्लेग हेही होते. तथापि मानमोडीचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही. नाव संदिग्ध असले म्हणजे मृतांची संख्याही संदिग्ध राहते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

२

रोगाचे नाव लक्षणांपासून सुटून कारणाशी बांधले गेले ते १९३३ मध्ये. त्या वर्षी लंडन येथे विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या साहाय्याने मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा केला. १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या विषाणूवर पाळत ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे उभारले. त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते व भारताचे राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्र म्हणून या जाळ्यात काम करते.

अखंड पाळतीची आवश्यकता विषाणूच्या स्वभावातूनच उद्भवते. त्याच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन व न्यूरॅमिनिडेज ही दोन प्रथिने असतात. ‘एच१एन१’ यातील ‘एच’ आणि ‘एन’ ही त्यांचीच आद्याक्षरे. या प्रथिनांत सतत लहान लहान बदल होत राहतात आणि पूर्वी मिळालेली प्रतिकारशक्ती अपुरी पडू लागते. विषाणूचा जनुकसंच आठ सुट्या खंडांचा असतो. म्हणून दोन भिन्न विषाणूंनी एकाच पेशीत प्रवेश केल्यास खंडांची अदलाबदल होऊन सर्वस्वी नवा विषाणू संभवतो. २००९ ची जागतिक साथ अशाच विषाणूमुळे उद्भवली.

प्रत्येक विषाणूला दिलेले नाव हे एक लहानसे वाक्यच असते. ‘ए/कॅलिफोर्निया/७/२००९’ या नावातून प्रकार, स्थळ, अनुक्रमांक आणि वर्ष यांचा बोध होतो. विषाणू पशुपक्ष्यांत सापडला असल्यास त्या प्राण्याचे नावही मध्ये येते. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत एच५एन१ आढळला, तेव्हा त्या गावाचे नाव याच पद्धतीने शास्त्रीय वाङ्मयात गेले.

३

प्रयोगशाळेत नमुना पोहोचण्यापूर्वी रुग्णाची निवड करावी लागते. त्यासाठी ‘इन्फ्लुएन्झासदृश आजार’ ही संज्ञा योजिली आहे : ३८ अंश सेल्सियस किंवा अधिक ताप, खोकला, आणि गेल्या दहा दिवसांत झालेला प्रारंभ. असाच रुग्ण रुग्णालयात दाखल करावा लागला, तर तो ‘तीव्र श्वसनसंसर्गा’त गणला जातो. हा शब्दार्थ नव्हे, गणनेसाठी केलेला करार आहे. सर्व ठिकाणी तोच पाळला गेला, तरच पुण्याचा आकडा नागपूरच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. नाकाघशातील स्राव शीत पेटीतून प्रयोगशाळेत जातो आणि तेथे विषाणूच्या जनुकद्रव्याची परीक्षा होते. केवळ बाधितांची संख्या येथे अर्थपूर्ण नसते. तपासलेल्या शंभर नमुन्यांपैकी किती बाधित निघाले, हे प्रमाण पाहावे लागते. एरवी तपासण्या वाढल्या की रोग वाढल्याचा आभास होतो.

या पद्धतीची दोन फळे उल्लेखनीय आहेत. ‘बी-यामागाता’ ही विषाणूशाखा मार्च २०२० नंतर निश्चितपणे आढळलेली नाही. म्हणून २०२३ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ती लशीतून वगळण्याची शिफारस केली. दुसरे फळ ऋतुनिश्चितीचे. इन्फ्लुएन्झा हा हिवाळ्याचा रोग, ही धारणा शीत कटिबंधातील ग्रंथांतून आली. २००९ ते २०१३ या काळात भारतातील दहा नगरांत झालेल्या अभ्यासात श्रीनगरची लाट जानेवारी ते मार्चमध्ये दिसली. परंतु पुणे, नागपूर यांसह अनेक नगरांत ती पावसाळ्यात उसळलेली आढळली. साहजिकच अशा प्रदेशांत लस एप्रिल-मे महिन्यांत टोचणे हिताचे, असा निष्कर्ष निघाला. पुणे आणि नागपूर यांच्या मधल्या मराठवाड्यालाही तो लागू पडावा. पण अनुमान आणि गणना यांतील अंतर स्थानिक नमुन्यांवाचून भरून निघत नाही.

४

नाव शास्त्राने निश्चित केले, तरी ते लोकव्यवहारात रुजतेच असे नाही. ३० एप्रिल २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘स्वाइन फ्लू’ हा शब्दप्रयोग सोडून दिला. रोग माणसाकडून माणसाकडे पसरत होता. २०१५ मध्ये तिने नव्या रोगांना स्थळ, व्यक्ती वा प्राणी यांची नावे देऊ नयेत, असा संकेतही घालून दिला. तरीही हा विषाणू ऑगस्ट २०१० नंतर नित्याचा ऋतुजन्य झाला असताना मराठीत तो अद्याप ‘स्वाइन फ्लू’ म्हणूनच वावरतो. परिणामी, नित्य येणाऱ्या रोगाची वार्ता दरवेळी नव्या संकटासारखी ऐकली जाते.

याहून विचारणीय शब्द ‘व्हायरल’ हा आहे. श्रावण-भाद्रपदात छत्रपती संभाजीनगरच्या कोणत्याही वस्तीत तापलेल्या माणसाला ‘व्हायरल झालंय’ असे म्हटले जाते. इन्फ्लुएन्झा, डेंग्यू, कोविड हे सर्व विषाणुजन्यच असल्याने शब्द चुकीचा नाही. पण तो काहीच वेगळे करीत नाही. १९१८ च्या नोंदवहीत ‘ताप’ या रकान्याने जे केले, तेच आज हा शब्द करतो. फरक एवढाच की, तेव्हा भेद दाखविणारी परीक्षा अस्तित्वात नव्हती. आज ती आहे. घाटी रुग्णालयातील केसपेपरवर केवळ ‘ताप’ लिहिले जाते, की तापाचा अंश, खोकला आणि प्रारंभाचा दिवस लिहून नमुना पाठविला जातो, यावर या प्रदेशाची इन्फ्लुएन्झाची गणना अवलंबून राहील.